आरोग्यविमा : एक शब्द, दोन तत्त्वे

शासकीय आरोग्ययोजनांची तुलना करणारे बहुधा रकमेपासून आरंभ करतात. हे मोजमाप सोयीचे खरे, परंतु भ्रामक आहे.

कर्मचारी राज्य विमा योजना १९४८ च्या अधिनियमातून निघाली व १९५४ मध्ये नागपुरास लागू झाली. तीत आज कामगार वेतनाच्या ०.७५ टक्के आणि मालक ३.२५ टक्के वर्गणी भरतो. त्यामुळे साध्या तापाचे औषधही तेथे हक्काचे असते. शिवाय आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत वेतनाचा ७० टक्के भाग मिळू शकतो. २०१२ ची राजीव गांधी जीवनदायी योजना, जी २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते, तिला वर्गणीचा असा पाया नाही. खर्च शासनाचा, आणि उपचार ठरावीक यादीतील, तेही मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. कुटुंबामागे वार्षिक पाच लाखांचा आकडा भव्य दिसतो. पण पंधरा दिवस खाट धरलेल्या मजुराच्या बुडालेल्या रोजीचा त्यात विचारच नाही. दोहोंस सरसकट ‘विमा’ म्हणण्याने ही उणीव झाकली जाते, असे आमचे मत आहे.

तथापि पहिलीची बाजूही निर्दोष नाही. तिचा हक्क नोकरीशी जखडलेला आहे. येथील एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद पडली. अशा प्रसंगी वर्गणी थांबते आणि सामान्यतः यथावकाश हक्कही सरतो. गिरणीतून सुटून हमालीस लागलेल्या माणसाला मालक कोण, हे दुसरी योजना विचारीत नाही. मात्र तापाच्या गोळीसाठी त्याला स्वतःचाच खिसा चाचपावा लागतो.