बटणाला भाषा नव्हती

१९५६ साली अमेरिकेत झेनिथ कंपनीने ‘स्पेस कमांड’ हा रिमोट आणला. त्याला बॅटरी लागत नसे. बटण दाबलं की आतली हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर आपटायची आणि आपल्याला ऐकू न येणारा तो आवाज टीव्हीला कळायचा.

आता रिमोट आपलं ऐकतो. आमच्या नव्या रिमोटवर माइकचं बटण आहे. टीव्ही, दिवे, पंखा बोलून चालतात. कल्पना चांगलीच. आजीचे गुडघे दुखतात, चष्मा कधी सापडत नाही. पण ती “पंखा जरा कमी कर रे” म्हणाली की काहीच होत नाही. भाषांच्या यादीत हिंदी, इंग्रजी आहे, मराठी नाही. मग ती आवाज चढवून म्हणते, “पंखा धीमा करो.” स्वतःच्या घरात, स्वतःच्या पंख्याला.

मराठी यंत्राला जमत नाही, असंही नाही. फोनवरच्या गुगल असिस्टंटला ती २०१८ पासून येते. माझा खरा आक्षेप वेगळा आहे : माइक आला म्हणून पंख्याची बटणं काढून टाकली. बटणाला भाषा नव्हती, म्हणून ते सगळ्यांचं होतं.

परवा आजी गुडघा धरत उठली आणि भिंतीवरचा रेग्युलेटर फिरवून आली. काही बोलली नाही.