धीर कोणी द्यावयाचा?

मराठीत ‘धीर’ हा शब्द क्रियापदावाचून फारसा वावरत नाही. धीर धरतात, सोडतात, धीर खचतो, सुटतो. पण आपल्या बोलण्यात सर्वांत अधिक वेळा येतो तो ‘धीर देणे’ हा प्रयोग. जी वस्तू देता येते ती दुसऱ्यापाशी असावी लागते आणि देणाऱ्याला घेणाऱ्याच्या दारी जावे लागते. भाषेने इतके स्पष्ट सांगून ठेवलेले असताना आपली आजची धीराची पुस्तके मात्र उलटेच काही सांगत असतात. कोणत्याही स्थानकावरच्या पुस्तकांच्या गाड्यापाशी क्षणभर उभे राहावे. मन कणखर करा, स्वतःला सावरा, आतली शक्ती जागवा, असा उपदेश मुखपृष्ठांवरूनच सुरू होतो. जणू दुःख ही ज्याची त्याने घरी बसून सोडवावयाची उदाहरणे आहेत!

या पुस्तकांविषयी मला एरवी लिहावेसे वाटले नसते. परंतु १९ जुलै २०२३ च्या रात्री आमच्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. वाडी ठाकरांची, वर जावयास गाडीरस्ता नाही. मदतीची माणसे पावसात, चिखलातून पायी चढली आणि यंत्रांवाचून हातांनी माती उपसू लागली. चौथ्या दिवशी शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ माणसे बेपत्ता राहिली होती. ज्यांचे माणूस मातीतच राहिले, त्यांना अखेरचे दर्शनही घडले नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलाची मावशी त्या वाडीत दिलेली होती. तो शाळेत आला त्या दिवशी मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, “रडू नकोस, धीर धर.” तो रडत नव्हताच. त्यानंतर तो माझ्याशी बोलेनासाही झाला. माझे वाक्य त्याच गाड्यावरच्या पुस्तकांतले होते, हे मला फार उशिरा उमगले.

काही दिवसांनी, त्याच्याच जातीच्या माणसांची गोष्ट म्हणून, मी वर्गाला गो. नी. दांडेकरांच्या ‘जैत रे जैत’ची कथा सांगितली. कर्नाळ्याच्या परिसरातले ठाकर, ढोल वाजविणारा नाग्या, मधमाशांनी घेतलेला त्याचा डोळा, राणीमाशीवर सूड घेण्याचा त्याचा निर्धार आणि लिंगोबाचा डोंगर. मी रंगात येऊन सांगत होतो. नाग्या हा मला जिद्दीचा पुतळा वाटे. तेव्हा तो मुलगा इतक्या दिवसांत प्रथमच बोलला. त्याने विचारले, “गुरुजी, तो आजारी होता तेव्हा त्याला भाकर कोणी दिली?”

हा प्रश्न मला एवढ्या वर्षांत पडला नव्हता. ‘जैत रे जैत’ मी पुन्हा वाचली. दांडेकरांनी वाडी जीव लावून रंगविली आहे. तिची बोली, तिचे देव, तिचा ढोल, सारे तेथे आहे. उणे होते ते माझ्या वाचनात. मी नाग्याची जिद्द तेवढी उचलली होती आणि ती ज्या माणसांच्या आधाराने उभी राहते ती माणसे शोभेची समजून ओलांडली होती. जिद्द आणि धीर यांत अंतर आहे. १९७७ साली आलेल्या चित्रपटाच्या अखेरीस नाग्याला जय मिळतो, पण चिंधी जिवाला मुकते. त्या जयाला धीर म्हणावयास आता माझी जीभ रेटत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’कडे या दृष्टीने पाहावे. १८९५ साली पती ख्रिस्ती झाला; पुढे काही वर्षे विरहाची, आप्तांच्या बोलण्याची, पोराला घेऊन दिवस काढण्याची. एवढे सोसलेली बाई लिहावयास बसते आणि वाचक हसू लागतो! पण हे हसणे दुःखावर घातलेले पांघरूण नव्हे. ती स्वतःच्या रडण्याचीही गंमत सांगते. म्हणजे आपण रडलो हे ती लपवीत नाही. पुढे टिळक गेले तेव्हा त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ तिने हाती घेतले. गेलेल्या माणसाचे राहिलेले काम पुढे नेणे, हाही सावरण्याचा एक मार्ग आहे.

येथे बहिणाबाई चौधरींचे उदाहरण माझ्या विरुद्ध दाखविले जाईल. तरुणपणीच विधवा झालेली ही बाई आपल्या कवितेत कीव स्पष्ट नाकारते. मग तिचा धीर तिचा एकटीचाच नव्हे काय? मला तसे वाटत नाही. कीव आणि सोबत या एक नव्हेत. कीव करणारा वरून पाहतो. सोबत करणारा शेजारी बसतो. बहिणाबाई कीव नाकारते तीही शेजारणींशी बोलत बोलत. तिला लिहिता येत नव्हते. जात्यावर, शेतात जे सुचले ते घरच्यांनी टिपले, म्हणून तिच्या मृत्यूनंतर १९५२ साली ते आपल्या हाती पडले. ऐकणारे कान घरात नसते तर ती कविता पिठाबरोबरच संपली असती.

दुःखावरच्या पुस्तकाची माझी कसोटी आता एवढीच उरली आहे : त्यात भाकर देणारा कोणी आहे काय? ज्यात तो नाही, ते पुस्तक कितीही कणखर बोलो, ते माझ्या त्या दिवशीच्या वाक्यासारखे आहे.

त्या मुलाला मी त्याच्या प्रश्नाचे नीट उत्तर देऊ शकलो नाही. “तूच सांग,” एवढे म्हणालो. मग तो सांगू लागला : मावशीची बातमी आली त्या रात्री त्यांच्या घरी चूल पेटली नव्हती, शेजारची म्हातारी टोपलीत भाकऱ्या घेऊन आली आणि काही न बोलता पहाटेपर्यंत आईजवळ बसून राहिली. तास संपल्याची घंटा झाली तरी वर्ग उठला नाही. मीही त्याला थांबविले नाही.