धूळपाटी आणि चावडी : संकेतस्थळांवरील रूपके

विद्युतप्रवाह शिकवताना आपण पाण्याच्या नळाची उपमा हमखास वापरतो. विभवांतर म्हणजे टाकीची उंची, रोध म्हणजे नळाचा अरुंदपणा. पण नळ तुटला तर पाणी सांडते. तार तुटली तर वीज सांडत नाही, प्रवाहच थांबतो. चांगला शिक्षक उपमा देतो आणि ती कुठे मोडते हेही सांगून टाकतो. संकेतस्थळे रचणारी मंडळी मात्र उपमा देऊन मोकळी होतात. ती मोडली की वापरणाऱ्याला वाटते, चूक आपलीच.

इंटरनेटवरील बहुतेक रूपके जागेची आणि प्रवासाची आहेत. १९९४ मध्ये नेटस्केपचा 'नेव्हिगेटर' आला, म्हणजे जहाज हाकणारा. १९९५ मध्ये 'एक्सप्लोरर', २००३ मध्ये 'सफारी'. मराठीने 'संकेतस्थळ' हा शब्द स्वीकारला. (जुन्या काव्यात संकेतस्थळ म्हणजे प्रेमिकांनी गुपचूप भेटण्याची ठरलेली जागा. ती छटा आता कुणाच्या ध्यानीमनीही नसते.) पण जागा म्हटली की अंतर आले. राजर्षी शाहू महाराजांनी आखून वसवलेल्या जयसिंगपुरात गल्ल्यांना क्रमांक आहेत. पाचव्या गल्लीतून सातवीत जायचे तर वाटेत सहावी लागते. त्यामुळे आपण कोणत्या बाजूला चाललो आहोत हे नवख्यालाही कळते. संकेतस्थळावर पाचवीतून थेट पन्नासावीत उडी पडते. मधले काहीच दिसत नाही आणि 'मी आहे तरी कुठे?' हा प्रश्न उरतो.

यावर उपाय म्हणून पानाच्या माथ्यावर एक बारीक ओळ देतात : मुखपृष्ठ, मग विभाग, मग उपविभाग. इंग्रजीत तिचे नाव 'ब्रेडक्रम्ब', म्हणजे पावाचा चुरा. ग्रिम बंधूंच्या कथेत हॅन्सेल परतीची वाट सापडावी म्हणून रानात पावाचा चुरा टाकत जातो. गंमत अशी की तो चुरा पाखरे खाऊन टाकतात आणि मुले हरवतात! फसलेल्या युक्तीचे नाव वाटाड्याला द्यावे, हे नवलच. शिवाय ही ओळ बहुधा आपण चालून आलेली वाट दाखवतच नाही. ती त्या पानाचे रचनेतील स्थान दाखवते. 'मु. पो. जयसिंगपूर, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर' हा पत्ता उलट्या क्रमाने लिहिला की झाली ती ओळ. तिला मराठीत सरळ 'पत्ता' म्हणावे, असे आमचे मत आहे.

आपल्याकडे याहून चांगली रूपकेही घडली आहेत. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. लिहिण्याचा सराव करण्याच्या पानाला इंग्रजीत 'सँडबॉक्स', म्हणजे मुलांनी खेळायची वाळूची पेटी, म्हणतात. मराठीत त्याला 'धूळपाटी' हे नाव मिळाले. आम्हांला ते मूळ नावापेक्षा सरस वाटते, कारण धूळपाटीचा संबंध लिहिण्याशीच आहे : अक्षर गिरवावे, चुकले तर हाताने पुसावे. पण ते मोडते कुठे? नेमके पुसण्यापाशी. विकिपीडियावरील धूळपाटी पुसली, तरी 'इतिहास पहा' या कळीमागे तिच्या जुन्या आवृत्त्या तारीख-वेळेसह शिल्लक राहतात आणि कुणालाही उघडता येतात. एखाद्या विद्यार्थ्याने गंमत म्हणून तेथे स्वतःचा दूरध्वनी क्रमांक लिहिला आणि लगेच पुसला, तर तो समजतो की गेला. तो गेलेला नसतो. वर्गात धूळपाटी दाखवणाऱ्या शिक्षकाने हे आधी सांगितलेच पाहिजे.

विकिपीडियावर चर्चेसाठी 'चावडी' आहे. इंग्रजीतील 'व्हिलेज पंप'चे भाषांतर 'गावचा हापसा' असे केले नाही, हे बरे झाले. मात्र याच शब्दाचा दुसरा वापर अधिक गंभीर आहे. जमिनीच्या फेरफाराची नोंद झाली की तिची प्रत चावडीत ठळक जागी लावावी, असे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० मध्ये म्हटले आहे. महसूल विभागाच्या संकेतस्थळावर याच भिंतीची जागा 'आपली चावडी' या पानाने घेतली. जिल्हा, तालुका, गाव निवडले की फेरफाराचा प्रकार, गट क्रमांक आणि हरकत घेण्याची अंतिम तारीख दिसते. पुण्यात नोकरी करणाऱ्या शिरोळच्या माणसाला हे घरबसल्या वाचता येते, हा लाभ मोठाच.

तरीही ही चावडी नव्हे. खऱ्या चावडीत माणूस दुसऱ्याच कामासाठी जातो आणि भिंतीवरचा कागद नजरेस पडतो; नाही पडला तर शेजारी सांगतो. पानावरची नोटीस कुणाच्या वाटेत येत नाही. ती शोधायला जावे लागते, आणि ज्याला फेरफार झाल्याची वार्ताच नाही तो कशाला शोधील? संबंधितांना लेखी सूचना जाते हे खरे. पण वारसनोंदीतून जिचे नाव गाळले त्या बहिणीला ती जाईलच असे नाही. भिंत होती ती अशांसाठी. बहीण परगावी नांदत असेल तर ती भिंतही तिला दिसत नव्हती. हे पान दिसू शकते. फक्त त्याच्या नावावरून तिला वाटता कामा नये की गावातले कुणीतरी पाहीलच.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना एक काम देता येईल. 'आपली चावडी'वर आपापले गाव निवडायचे, यादी वहीत उतरवायची आणि संध्याकाळी घरात मोठ्याने वाचायची. आई आणि आजी यांना त्यातले कोणते गट क्रमांक ओळखू येतात, तेही शेजारी लिहायचे.