आय-एच-एस : तीन अक्षरांचे वाचन

जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बासिलिकेचे दर्शन घेऊन येणाऱ्यांपैकी किती जणांनी मान वर करून तिच्या दर्शनी भिंतीचा माथा पाहिला असेल, कोण जाणे. तेथे आय, एच आणि एस ही तीन रोमन अक्षरे कोरलेली आहेत. हे मंदिर 1605 साली अभिषिक्त झाले. हीच तीन अक्षरे आपण वेदीवर, धर्मगुरूंच्या पूजावस्त्रांवर, क्वचित मिस्साच्या भाकरीवरही जन्मभर पाहत असतो. मात्र त्यांचा अर्थ विचारला की घरोघरी निराळे उत्तर मिळते.

आम्हांस लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगण्यात आले की, ही 'आय हॅव सफर्ड' या इंग्रजी वाक्याची आद्याक्षरे होत. बॉम जेझुस उभारणारे येशूसंघीय पोर्तुगीज बोलत व लॅटिनमध्ये प्रार्थना करीत. त्यांनी आपल्या मंदिराच्या माथ्यावर इंग्रजी वाक्य का कोरावे, असा प्रश्न त्या वयात आमच्या मनात आला नाही. पुढे कोणी जाणत्याने लॅटिन उलगडा सांगितला : 'येसूस होमिनुम साल्वातोर', म्हणजे मानवांचा तारणारा येशू. हा उलगडा अर्थाने सुंदर आहे, शतकानुशतके भक्तांच्या ओठांवर आहे. तरीही तो मूळचा नव्हे.

मूळ अक्षरे रोमन नाहीतच. ती ग्रीक आहेत. ग्रीक भाषेत 'येसूस' हे नाव आयोटा, ईटा, सिग्मा या अक्षरांनी सुरू होते. प्राचीन ख्रिस्ती लेखनिक पवित्र नावे पूर्ण लिहीत नसत; दोन-तीन अक्षरे लिहून त्यांवर एक आडवी रेघ ओढीत. आपल्याकडे जुन्या पत्रांत 'रा' पुढे पूज्य देऊन 'राजश्री' लिहीत, तशातलीच ही रीत; फरक इतकाच की येथे हेतू जागा वाचविण्याचा नसून आदराचा होता. आता ग्रीक ईटाची थोरली आकृती रोमन एचसारखीच दिसते, पण तिचा उच्चार दीर्घ 'ए' असा आहे. पश्चिमेकडील लेखनिकांची ग्रीक भाषेशी ओळख सुटली, आकृती तेवढी हाती राहिली. मग त्यांनी ईटाला एच मानले आणि मध्ययुगीन लॅटिन हस्तलिखितांत प्रभूच्या नावातच एक 'ह' येऊन बसला : 'इहेसूस'. अक्षराचा आवाज विसरून केवळ आकार जपला, म्हणजे असे होते.

गंमत अशी की, याच चुकीतून एक सुंदर गोष्ट निपजली. धाकट्या लिपीत एचचा उभा दांडा उंच असतो. वरची संक्षेपाची आडवी रेघ त्या दांड्याला छेदून गेली आणि तेथे क्रूस दिसू लागला. आज वेदीवर एचच्या डोक्यावर जो क्रूस आपण पाहतो, तो असा लेखनिकाच्या रेघेतून उभा राहिला आहे. पंधराव्या शतकात सिएनाचे संत बर्नार्दिनो ही अक्षरे सूर्यकिरणांच्या वर्तुळात रंगवून प्रवचनाच्या वेळी लोकांपुढे धरीत. लोक अक्षरांनाच भजू लागले, असा आक्षेप घेऊन विरोधकांनी त्यांच्यावर पाखंडाचा आरोप ठेवला. पोप मार्टिन पाचवे यांनी त्यांना निर्दोष ठरविले. तरीपण विरोधकांचा आक्षेप अगदीच पोकळ होता, असे आम्हांस वाटत नाही.

कारण अक्षरांत गूढ शोधण्याची हौस फार जुनी आहे. बर्नबाच्या नावावर असलेले एक पत्र आहे. ते पहिल्या शतकाच्या अखेरचे वा दुसऱ्याच्या पूर्वार्धातले असून चौथ्या शतकातील प्रसिद्ध सिनाई हस्तलिखितात नव्या कराराच्या पुस्तकांनंतर समाविष्ट आहे. उत्पत्तीच्या चौदाव्या अध्यायात अब्राहामाचे 318 सेवक येतात. ग्रीकांत अक्षरेच अंकांचे काम करीत : आयोटा म्हणजे 10, ईटा म्हणजे 8, टाऊ म्हणजे 300. पत्रलेखक म्हणतो की, पहिली दोन अक्षरे येशूचे नाव सांगतात आणि टाऊ हा तर क्रूसाचाच आकार! आपण पुरविलेली याहून खरी शिकवण दुसरी नाही, असा त्याचा आविर्भाव आहे. पण उत्पत्तीचे पुस्तक ग्रीकांत लिहिलेले नाही. यहुदी शास्त्र्यांनी त्याच 318 ची हिब्रू अक्षरे मांडून पाहिली, तेव्हा त्यांना त्यांत अब्राहामाचा सेवक अलिएजर याचे नाव मिळाले. संख्या एकच, वर्णमाला दोन आणि रहस्येही दोन. प्रत्येकाला आपल्या पाटीवर आपलेच सापडले.

मग आकारात अर्थ पाहूच नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. ज्ञानेश्वरीच्या आरंभी (शके 1212, म्हणजे इ. स. 1290) ज्ञानदेवांनी ओंकारात गणेश पाहिला आहे : अकार ही पावले, उकार हे उदर, मकार हे मस्तकाचे वर्तुळ. येथे अक्षराचा ध्वनी हरवलेला नाही. तीन ध्वनी तीन अवयवांना वाटून दिले आहेत आणि ऐकणाऱ्याला ते तिन्ही ठाऊक आहेत. शिवाय हे रूपक आहे, रूपक म्हणूनच सांगितले आहे. त्यातून कोणी इतिहास सिद्ध करू पाहत नाही. बर्नबाच्या पत्रकर्त्याशी आमचे भांडण आहे ते नेमके येथे.

आपल्या समाजाला तर परक्या लिपीशी संसार करण्याची जुनी सवय. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1608 साली रोमला पाठविलेल्या पत्रात या देशाच्या भाषेत व लिपीत पुस्तके छापण्याची तळमळ व्यक्त केली आहे. अडचण अशी की युरोपात चोवीस अक्षरांवर भागे, येथे सुमारे सहाशे साचे ओतावे लागणार होते. ते झाले नाही आणि 1616 मध्ये त्यांचे ख्रिस्तपुराण राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. मराठी ओव्या रोमन अक्षरांतून वाचणाऱ्यांचे आपण वारस आहोत. तेव्हा ग्रीक नाव रोमन समजून वाचणाऱ्या त्या लेखनिकांना हसण्याचा अधिकार आपल्याला थोडाच आहे.

नव्या वेदीवर ही तीन अक्षरे न कोरता देवनागरीत 'येशू' असे लिहावे, अशी सूचना अधूनमधून कानी येते. आम्हांस ती मान्य आहे. मूळ अक्षरेही नावच सांगत होती, वाक्य नव्हे. फक्त एक धास्ती वाटते. 'य'चा उभा दंड आणि वरची शिरोरेघ पाहून उद्या कोणी प्रवचनात म्हणेल की, पाहा, आपल्या लिपीतही प्रभूच्या नावात क्रूस दडलेला आहे! हा लेख लिहिताना तो मोह क्षणभर आम्हांसही झाला. मग समोरच्या किराणा दुकानाच्या पाटीकडे लक्ष गेले. तीवरच्या 'तांदूळ', 'मीठ', 'बेसन' यांतही तसेच दंड होते आणि तशाच शिरोरेघा.