परस्परसंबद्ध परिणाम आणि तुलनेच्या कसोट्या : एक चिकित्सा

दोन अध्यापनपद्धतींची तुलना करताना वाचन, लेखन व गणित यांच्या गुणांवर स्वतंत्र 'टी' चाचण्या लावणे ही प्रबंधलेखनातील मळलेली वाट आहे. तीन चाचण्या परस्परनिरपेक्ष मानल्या, तर ०.०५ सार्थकता पातळीवर वस्तुतः फरक नसतानाही एखादा तरी फरक सार्थ ठरण्याची संभाव्यता सुमारे ०.१४ होते. बॉनफेरोनी दुरुस्ती हा धोका आवरते. मात्र परिणाम परस्परांशी घट्ट निगडित असल्यास ती अवाजवी कठोर ठरते.

हॉटेलिंग यांची १९३१ मधील टी-वर्ग चाचणी सहसंबंधाची दखल घेते, पण सुधारणा आणि घसरण दोन्ही तिच्या लेखी केवळ 'अंतर'. कोणती पद्धत सरस, हे ती सांगत नाही. ओब्रायन यांनी १९८४ मध्ये नेमका हाच प्रश्न हाती घेतला. त्यांची सामान्यीकृत न्यूनतम वर्ग पद्धत कार्यक्षम म्हणून वाखाणली जाते. परंतु वाचनाचा लेखन व गणित या दोहोंशी सहसंबंध ०.७ आणि लेखन-गणित सहसंबंध ०.२ असेल, तर प्रमाणित गुणांचे भार लेखन ३, गणित ३ आणि वाचन उणे २ अशा प्रमाणात येतात. म्हणजे मुलांचे वाचन सुधारले हाच नव्या पद्धतीविरुद्धचा पुरावा! आकडेमोड निर्दोष आहे. शिक्षकाने मात्र हा निष्कर्ष का स्वीकारावा?

ओब्रायन यांचीच क्रमांकांच्या बेरजेवरील चाचणी या आपत्तीतून सुटते. तीत प्रत्येक विषयानुसार विद्यार्थ्यांचे क्रम लावून ते केवळ मिळविले जातात. तिन्ही विषयांना समान तोल देणे हाही शैक्षणिक निर्णयच होय. तो गुणनोंदणीपूर्वी संशोधन आराखड्यात नमूद व्हावयास हवा.