कृती आहे, साहित्य आणि दक्षता नाही

प्रयोगवहीत विद्यार्थ्याने नुसती कृती लिहून आणली, तर आपण वही परत करतो. साहित्य कोणते, दक्षता कोणती, निरीक्षण काय अपेक्षित, हे नसेल तर दुसऱ्याला तो प्रयोग करून पाहता येत नाही. संगणकावर आकृत्या आणि नकाशे काढण्याच्या सॉफ्टवेअरसाठी इंटरनेटवर जे पाठ मिळतात, त्यांना आम्ही हीच कसोटी लावतो. बहुतेक पाठ ‘कृती’पाशीच थांबतात.

एक उदाहरण घेऊ. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर आपल्या परिचयाचे आहे. उल्कापाताने बेसॉल्ट खडकात झालेल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, तर खोली सुमारे १५० मीटर. सहलीपूर्वी वर्गात लावण्यासाठी त्याचा नकाशा आणि उभा छेद १:१०,००० या प्रमाणात काढायचा आहे, असे समजा. कागदावर व्यास १८ सेंटिमीटर आणि खोली दीड सेंटिमीटर येईल. साधन म्हणून ‘इंकस्केप’ घेऊ. ते २००३ पासून विनामूल्य उपलब्ध असून साध्या संगणकावरही चालते.

पहिली अडचण मापाची. इंकस्केपच्या जुन्या आवृत्त्या एका इंचात ९० पिक्सेल धरीत. २०१७ मध्ये आलेल्या ०.९२ या आवृत्तीपासून ९६ धरले जातात. जुन्या आवृत्तीत काढलेली फाईल नव्या आवृत्तीत उघडली, की चित्र पडद्यासाठी आहे की कागदावर छापण्यासाठी, असा प्रश्न येतो. ‘खात्री नसेल तर हा निवडा’ अशी सूचना पडद्याच्या पर्यायापुढे असते. नवखा शिक्षक तोच निवडणार. मग १८ सेंटिमीटरचा व्यास १६.८७५ सेंटिमीटर छापला जातो. विद्यार्थी पट्टी लावून विवर सुमारे ११२ मीटरने लहान मोजतील, आणि नकाशा दिसायला अगदी ठीक असल्यामुळे चूक कोणाच्या लक्षातही येणार नाही.

दुसरी अडचण अक्षाची. पूर्वी कागदाचा डावा खालचा कोपरा शून्य असे व ‘वाय’ची किंमत वर वाढत जाई, आलेखवहीत असते तशीच. मे २०२० च्या १.० या आवृत्तीपासून शून्य डाव्या वरच्या कोपऱ्यात गेले आणि ‘वाय’ खाली वाढू लागला. जुन्या पाठानुसार छेदाच्या बिंदूंच्या उंचीचे आकडे भरले, तर काठ खाली जाईल, तळ वर येईल आणि विवराची टेकडी होईल!

हे बदल निष्कारण झालेले नाहीत. ९६ हा आकडा वेबच्या मानकांशी जुळतो, तर वरून खाली मोजणे ही एसव्हीजी या फाईल-प्रकाराची रीत आहे. सॉफ्टवेअर बदलणारच. पाठ कोणत्या आवृत्तीसाठी आहे हे न सांगणे, आणि चुकल्यास काय दिसेल याबद्दल मौन पाळणे, ही आमची तक्रार आहे.

या बाबतीत आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ प्रकल्पाचे कौतुक केले पाहिजे. त्याचे पाठ मराठीतही आहेत, छोटे आहेत, आणि आवृत्तीचा क्रमांक आरंभीच सांगतात. वारली चित्रकलेच्या धर्तीवर कापडाची नक्षी कशी काढावी, यावरही त्यांत एक पाठ आहे. मात्र इंकस्केपची ही मालिका ०.४८.४ या आवृत्तीवर बेतलेली आहे. वरचे दोन्ही बदल नंतरचे आहेत. ‘साहित्य’ लिहिले आहे, पण ‘दक्षता’ मागाहून जोडावी लागेल.

याची झळ कोणाला बसते? शहरातील कार्यालयात शेजारच्या टेबलावरील जाणकाराला विचारता येते. तालुक्याच्या शाळेत संगणक हाताळणारे शिक्षक बहुधा एकटेच असतात. पाठातल्यासारखे घडले नाही, की दोष पाठाचा नसून आपला आहे, असे ते धरून चालतात आणि संगणक बंद करून पुन्हा खडूकडे वळतात. अपुऱ्या पाठाचे खरे नुकसान हेच आहे.

तोवर शिक्षकांनी दोन सवयी लावून घ्याव्यात. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात १० सेंटिमीटरची रेघ काढावी आणि छापलेल्या कागदावर ती पट्टीने मोजावी. ती ९.४ सेंटिमीटरच्या आसपास भरली, तर कारण आता आपल्याला ठाऊक आहे. अक्ष उलटा वाटल्यास ‘प्रेफरन्सेस’मधील ‘इंटरफेस’ या भागात तो पूर्ववत करण्याची सोय आहे. नंतर इंकस्केप बंद करून पुन्हा सुरू करावे.

आणि ज्यांना एखादी युक्ती साधली, त्यांनी ती मराठीत लिहून इतर शाळांना द्यावी. लिहिताना आवृत्ती, कृती, अपेक्षित चित्र आणि दक्षता, हे चारही रकाने भरावेत. विद्यार्थ्यांकडून आपण एवढी अपेक्षा करतोच.