लढाईनंतरच्या घरातली बाई

काही वर्षांपूर्वी माझी एक कादंबरी प्रसिद्ध झाली. तीत १९७१ च्या युद्धात पाय गमावलेला एक शिपाई आहे. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी ती नातीकडून वाचून घेतली. काकूंचे यजमान त्याच लढाईत सुरुंगावर पाय पडून जायबंदी झालेले. पुस्तक परत देताना त्या म्हणाल्या, "चांगलं लिवलंय, गुर्जी. पर तुमच्या त्या बाईनं पुस्तकभर नुसता च्या केलाय. बाकी दिवसभर काय करत हुती ती?"

मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून अशा बायका इतरांनी कशा रंगविल्या आहेत हे मी शोधून वाचतो आहे. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरतेच. तेव्हा शब्दकोश शेजारी असतो.

व्हर्जिनिया वुल्फ ह्यांची 'मिसेस डॅलोवे' ही कादंबरी १९२५ साली निघाली. एका श्रीमंत बाईच्या मेजवानीची ही गोष्ट. पण माझे मन गुंतले ते रेझियात. मिलानमध्ये टोप्या शिवणारी ही इटालियन मुलगी सेप्टिमस नावाच्या इंग्रज सैनिकाशी लग्न करून लंडनला येते. पहिले महायुद्ध संपून जवळजवळ पाच वर्षे झाली, तरी त्याच्या मनातले युद्ध संपलेले नाही. हातपाय धड, म्हणून डॉक्टर म्हणतो, ह्याला काहीच झालेले नाही, त्याचे मन बाहेरच्या गोष्टींत रमवा. हे काम अर्थात बायकोचे! बागेत ती त्याला 'ते पहा, हे पहा' म्हणत असते, आणि लोक आपल्याकडे बघत असतील म्हणून ओशाळतही असते. बोटे इतकी वाळली आहेत की लग्नाची अंगठी टिकत नाही. ती काढून पर्समध्ये ठेवते. नवऱ्याला वाटते, लग्नच संपले.

शेवटी एका संध्याकाळी ती ओळखीतल्या एका बाईची टोपी शिवत बसते. सेप्टिमस फिती, मणी, फुले जुळवून देतो आणि दोघे पूर्वीसारखी हसतात. इतक्यात जिन्यात डॉक्टर! ती त्याला अडवते, तो तिला बाजूला सारून वर येतो आणि सेप्टिमस खिडकीतून उडी घेतो. ती उडी कोणीही लिहील. टोपीवरचे ते हसणे लिहिणे कठीण. पण एक तक्रार आहे. डॉक्टर रेझियाला गुंगीचे औषध पाजतो, आणि लेखिकाही तिला तिथेच निजवून मेजवानीकडे निघून जाते.

'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ज' हा अमेरिकन बोलपट १९४६ चा. त्यातल्या खलाशाचे दोन्ही हात गेले आहेत. ती भूमिका करणारा हॅरल्ड रसेल ह्याचेही हात १९४४ साली स्फोटात खरोखरच गेले होते. रात्री तो वाग्दत्त वधूला आपले लोखंडी आकडे उतरवून दाखवतो. ती न बिचकता त्याच्या सदऱ्याची बटणे लावते. प्रसंग फार सुंदर आहे. पण बोलपट संपतो लग्नाने. बटणे रोज लावावी लागतात, तापात पडल्यावरही लावावी लागतात, रागावल्यावरही. तिथवर दिग्दर्शक पोचत नाही. त्याला एवढेच ठरवायचे होते की मुलगी थांबते की जाते. माझीही कादंबरी त्याच प्रश्नाभोवती फिरत होती, हे इथे कबूल केलेले बरे.

मग मी काकूंकडेच गेलो. काकांचा पाय पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रातला. १९४४ पासून ते केंद्र जवानांची सेवा करीत आहे. पाय सरकारचा, पण त्याखालचा मोजा रोज धुणे, उरलेल्या मांडीवर फोड उठला का हे दिव्याशी धरून पाहणे, पावसाळ्यात अंगणातले शेवाळ खरवडणे हे सारे काकूंचे. रात्री काकांची नसलेली बोटे ठणकतात. डॉक्टरांना हे दुखणे चांगले माहीत आहे.

"मग तुम्ही काय करता?" मी विचारले.

"काय करायचं? त्या मोकळ्या जाग्यावर हात फिरवती. म्हंत्यात, आता बरं वाटतंय. कवाकवा मलाच झोप आलेली असती, मग वराडती त्यांच्यावर."

प्रकाशक दुसऱ्या आवृत्तीचे नाव काढीत नाहीत. निघालीच, तर निम्मा चहा काढून टाकणार आहे.